वरचे दोन दात

उत्तमसिंगच्या वावरातल्या विहिरीला एकोणीस पायऱ्या होत्या. वैशाख लागला तसं पाणी चौदावीवरून सतरावीवर उतरलं. रंजिता आधी घागर भरायला नुसती वाकायची, आता तिला बसावं लागायचं. फुफाटा अंगावर घ्यायच्या आधी, दिवस उगवायच्या वक्ताला, ती रोज एकटी यायची. उतरताना पायऱ्या मोजायची आणि बारावी पायरी, पाय न ठेवता, ओलांडायची. पाच वर्षांपूर्वी त्या पायरीवर ती भरल्या घागरीसकट घसरली होती. पोटात पाच महिन्यांचं होतं. त्यावर ती कधी बोलली नाही. पायरी तेवढी ओलांडत राहिली.

उत्तमसिंग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, दातवण करत उभा असायचा. दिवसाला एकच घागर, असं त्याने बजावलं होतं. त्याच्या वांग्यांनाही पाणी लागायचं. आज तो म्हणाला, की पाणी सरकत चाललं आहे, मृगापर्यंत पुरेल याचा भरवसा नाही. तांड्याच्या तोंडाशी बोअर असताना तिला दीड कोस पाय झिजवायची हौस कशाची, ते त्याला समजत नाही. रंजिताने पदराने तोंड झाकलं आणि मान हलवली. पदर तोंडावर ओढायची सवय तिला लग्नाच्याही आधीची होती.

तिचे दात लहानपणापासून तपकिरी होते. वर आडवे पट्टे, मधे बारीक खड्डे, किडीने टोकरलेल्या पऱ्हाटीच्या बोंडासारखे. तिच्या माहेरच्या तांड्यात सगळ्यांचेच तसे. बोअरच्या पाण्याने होतात, हे बारावीत शिकवणाऱ्या मॅडमने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. पांढरकवड्याच्या कपड्याच्या दुकानात ती कामाला लागली होती. तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, पोरी, काम चांगलं करतेस, पण गिऱ्हाइकापुढे हसत जाऊ नको. चौथ्या दिवशी ती गेली नाही. मग तिने मिशरी लावायला सुरुवात केली. मिशरीने काळे झालेले दात कोणी वळून पाहत नाही. बाईला सवय आहे, एवढंच म्हणतात.

लग्न होऊन ती या तांड्यात आली तर इथेही तेच पाणी. हे पाणी पिऊ नका म्हणून हापशाला कधीकाळी लावलेला लाल रंग उडून गेला होता. शाळेजवळ पाणी गाळायची मशीन बसवली होती. ती सात महिने चालली आणि आता तिच्यात साळुंक्यांनी घर केलं होतं. समीक्षा झाली त्या वर्षी आरोग्य केंद्राची आशाताई साधना घरोघर सांगत फिरली, की पोराचे दुधाचे दात पडून जातात; पण आयुष्यभराचे दात हिरडीच्या आत आधीच बनत असतात, आणि पहिल्या चार-पाच वर्षांत पोटात जाईल त्या पाण्याचे बनतात. बाकीच्या बायांनी ऐकलं आणि सोडून दिलं. रंजिताने ऐकलं आणि घागर उचलली.

त्या दिवसापासून पोरीचं सगळं वेगळं. तिचं पाणी उत्तमसिंगच्या गोड विहिरीचं, तिचा वेगळा माठ, तिच्या पिठात, तिच्या वरणात तेच पाणी. साधनाने सांगितलं म्हणून कोरा चहा नाही. काळं मीठ नाही, सुपारी नाही. शेळीचं दूध घरात दुसऱ्या कोणाच्या जिभेला लागलं नाही. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, हिवाळ्यात आवळा, आणि तोच आवळा वाळवून उन्हाळ्यात. शेवग्याचा पाला तिने असा खाऊ घातला, की दारचं झाड बोडकं झालं. समीक्षाचा बाप प्रेम ट्रकवर होता, हैदराबादेकडे महिना-महिना असायचा. येताना गोळ्या-बिस्किटं आणायचा, ती रंजिता शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. तो हसायचा. म्हणायचा, लेकीले राणी बनवतं का?

"हसता आलं पाहिजे तिले," रंजिता म्हणायची. "बस."

समीक्षाला सातवं लागलं होतं. खालचे दोन दात मागल्या वर्षीच आले होते, बरे वाटावे असे, जरासे धुरकट. पण खालचे दात कोणाला दिसतात? माणूस हसतो तो वरच्या दातांनी. वरचे दोन दुधाचे दात होळीच्या सुमारास पडले होते आणि तेव्हापासून रंजिता रोज सकाळी पोरीला उजेडात उभी करून तिच्या हिरडीवरून बोट फिरवत होती. हिरडी टणक झाली होती. आत काहीतरी होतं.

पडलेले दात सासूने फेकले होते. हंसाबाईचं ते ठरलेलं. नातीचा दात पडला की तो मुठीत धरायचा, उगवत्याकडे तोंड करायचं आणि घरावरच्या टिनावर भिरकावून द्यायचा. वेचणीला कुणब्यांच्या बायांसोबत जाता-जाता उचललेली एक ओवी ती तेव्हा म्हणायची:

दूध-दात फेकते मी, तुझ्या दारी दिसदेवा
कवडीच्या पांढऱ्याचा, माझ्या बाळा देई नवा

हंसाबाईला उगवत्याकडे पाहायला मान वर करता येत नव्हती. तिची पाठ कमरेत वाकून घट्ट झाली होती, आणि मान लाकडासारखी. डावी-उजवीकडे पाहायचं तर ती आख्खी वळायची. ओझ्यानं झालं, ती सांगायची. पण ओवी म्हणताना तिचा आवाज सोळाचा व्हायचा, आणि दात टिनावर टण्णकन वाजला की समीक्षा टाळ्या पिटायची.

त्या आठवड्यात तेंदूपत्त्याचा हंगाम उघडला. रंजिता विहिरीवरून आली, की माठात घागर रिकामी करायची, फडक्याने तोंड बांधायची, शिळी भाकर पदरात घेऊन बायांसोबत जंगलात शिरायची. अकरापर्यंत पानं खुडायची. उन्हाने डोळ्यांसमोर पिवळं नाचायला लागलं, की गठ्ठा डोक्यावर घेऊन परत. मग दुपारभर निंबाखाली बसून पानावर पान रचायचं आणि पुडे बांधायचे. पानाच्या चिकाने बोटं काळी पडायची. त्या काळ्या बोटांनी पोरीच्या हिरडीला हात लावता येत नाही, म्हणून ती राखेने घासघासून हात धुवायची.

एका सकाळी बोटाला धार लागली.

तिने समीक्षाला दाराबाहेर ओढलं, तोंड उघडायला लावलं. हिरडी फाडून एक कड बाहेर आली होती, तांदळाच्या कणीएवढी. पांढरी होती. खडूसारखी पांढरी.

"याडी," तिने सासूला हाक मारली, "इकडे या. पाहा."

हंसाबाई आख्खी वळून आली, नातीची हनुवटी धरली, डोळे बारीक केले. "कवडी व माय," ती म्हणाली. "कवडीच हाय."

त्या दिवशी रंजिताने जंगलात सगळ्यांपेक्षा जास्त पानं खुडली. परतताना ती गुणगुणत होती, असं मागून येणाऱ्या रुपीबाईने नंतर सगळ्यांना सांगितलं.

दात रोज थोडा उतरत होता. चौथ्या दिवशी शेजारचाही दिसला. सहाव्या दिवशी पांढऱ्या कडेच्या वर एक रेघ आली. भाजीचा डाग असेल म्हणून रंजिताने ओल्या फडक्याने पुसलं. मग मीठ लावून पुसलं. समीक्षा म्हणाली, मम्मी, दुखते. दहाव्या दिवशी रेघेचा पट्टा झाला. तपकिरी, आडवा, आणि त्याच्यात सुईने टोचल्यासारखे खड्डे. तिने घरातला आरसा काढला आणि स्वतःचा ओठ वर करून पाहिला. पट्टा त्याच जागी होता.

तिने आरसा पालथा ठेवला आणि पानं बांधायला गेली.

निंबाखाली समीक्षा रुपीबाईच्या नातवाबरोबर खेळत होती, खदखदून हसत होती. रुपीबाई पानं रचता-रचता तिच्याकडे पाहत राहिली. वाईट बाई नव्हती ती. तिची जीभ तेवढी मोकळी होती.

"सहा वर्स गंगाजळ पाजलं व रंजिता तू," ती म्हणाली, "अन् निंगाली तं कवठाचीच फोड."

बाया हसल्या. कोणी म्हणालं, जाऊ द्या, पोरगी ऐकते. समीक्षा ऐकत होती. ती एकदम गप्प झाली, आणि गप्प झालेलं तोंड तिने बंद केलं. रंजिताने पुढला पुडा बांधला. सुतळी इतकी आवळली, की पानं फाटली.

दुसऱ्या दिवशी तिने साधनाताईला बोलावलं. साधना शेजारच्या गावातल्या बौद्धवस्तीतली, सायकलवरून यायची, घामेजलेली, खांद्याला पिशवी. तिने समीक्षाचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. रंजिताने विचारलं, शाळेतल्या खिचडीमुळे असेल का. साधनाने नाही म्हणून मान हलवली.

"शाळेत जायच्या आधीचं हाय हे," ती म्हणाली. "दोन-तीन वर्साची असन तवाचं. कोणतं पाणी देत होती तू?"

"विहिरीचं. एक दिवस नाही चुकवला, ताई. ताप होता तरी गेली."

"मंग विहिरीतच आलं असन."

साधनाच्या पिशवीत पाणी तपासायची डबी होती. ती म्हणाली, उद्या विहिरीचं ताजं पाणी बाटलीत वेगळं ठेव, मी दुपारी येतो. जाता-जाता सहज म्हणाली, अन् माठातलंही पाहून घेऊ.

दुसऱ्या दुपारी ओसरीत दोन काचेच्या नळ्या शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या. एका नळीत बाटलीतलं पाणी, दुसऱ्या नळीत माठातलं. साधनाने दोन्हींत लाल औषध मोजून टाकलं आणि सांगितलं, की चांगलं पाणी गुलाबी राहतं, दात खाणारं पाणी पिवळं पडतं. रंजिता उकिडवी बसली होती. समीक्षा तिच्या पाठीला टेकून पाहत होती. हंसाबाई चुलीजवळ भिंतीला टेकून, भिंतीकडे तोंड करून.

विहिरीची नळी गुलाबी राहिली. रंजिताने श्वास सोडला.

दुसरी नळी हळूहळू पिवळी पडली, हळदीचं पाणी असावं तशी.

"हे माठातलं हाय," साधना म्हणाली. "एकच पाणी ना दोन्ही?"

रंजिताने नळी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. मग ती सासूकडे पाहू लागली. हंसाबाईने वळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"मी भरत होती," ती म्हणाली.

शेळी खुंट्याभोवती फिरत होती.

"लोक येत ना व. तुह्या माठाचं पाणी गोड, सगळ्या तांड्याले ठाव. ढोरकी येत, जंगलातून बाया येत, रुपी येत. आपल्या गोरमाटी लोकायच्या दारातून तहानेला माणूस वापस कसा लावू? अन् गोड पाणी घरात असून बोअरचं कोणत्या तोंडानं देऊ? दुपारलोक माठ आटे. मंग मी दोन गुंड बोअरचं टाके."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू दुसऱ्या खेपेले गेली असती." हंसाबाईचे हात मांडीवर उलटे पडले होते. "तू गेलीच असती. त्या पायरीवरून तुले बाजीवर आणलं, तवा तुह्ये पाय मी धुतले होते, रंजिता. घमेलंभर रक्त निंगालं. मी म्हणलं, माठ भरला दिसला तं पोरगी घरी बसन."

"कधीपासून?"

"तवापासून."

साधनाने नळ्या पुसल्या, डबीत ठेवल्या. जाताना ती रंजिताच्या खांद्याला हात लावून म्हणाली, की आवळा-दूध चालू ठेव, हाडं तरी वाचतील. दाताचं मोठेपणी शहरात काही करतात. रंजिताने हो म्हटलं. मग तिने माठ उचलून अंगणात नेला आणि आडवा केला. पाणी तापलेल्या मातीत गेलं, क्षणभर वास आला, आणि डाग वाळून गेला. समीक्षा दाराशी उभी होती. माठ फुटला नाही. रंजिताने तो विसळून परत तिवईवर ठेवला, रिकामाच.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तिने सासूला भाकर वाढली, सासूने ती खाल्ली. रात्र गेली.

पहाटे रंजिता उठली तर घागर जागेवर नव्हती. सासूची बाजही रिकामी होती. खुंटीवरची जुनी इंडोणी, म्हणजे डोक्यावर घागर ठेवायची कवड्या शिवलेली चुंबळ, हंसाबाईच्या लग्नातली, तीही नव्हती. रंजिता अनवाणी निघाली. दीड कोसात तिला कोणी भेटलं नाही. धुऱ्यावर उत्तमसिंग उभा होता. त्याने दातवण तोंडातून काढून नुसतं विहिरीकडे दाखवलं.

हंसाबाई बाराव्या पायरीवर बसली होती. घागर भरलेली, शेजारी. ती तिथपर्यंत कशी आणली, एकेका पायरीवर ठेवत की ओढत, कोण जाणे. अर्धं लुगडं भिजलं होतं. इंडोणी तिने डोक्यावर ठेवली होती. पण मान सरळ होत नव्हती, त्यामुळे ती सारखी पुढे घसरत होती, आणि हंसाबाई दर वेळी तिला हाताने मागे सारत होती. कवड्या किती उरल्या होत्या? पाच-सात. बाकी नुसते दोरे.

"उचलून दे," ती खाली पाहतच म्हणाली. "डोक्यावर ठेवून दे तेवढी. मी नेतो."

"कुठी ठेवू?" रंजिता म्हणाली. "जागा हाय का डोक्यावर?"

हंसाबाई रडली नाही. तिने इंडोणी काढून सुनेच्या हातात दिली. रंजिताने ती डोक्यावर ठेवली, घागर गुडघ्यावर, मग खांद्यावर, मग डोक्यावर घेतली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा पाय बाराव्या पायरीवर पडला, कारण सासूला हात द्यायला दुसरी जागाच नव्हती. दोघी वर आल्या. उत्तमसिंग म्हणाला, उद्यापासून येऊ नका, पाणी खालच्या पायरीवर गेलं आहे, माझी वांगी जळून राह्यली. बोलताना तो दुसरीकडे पाहत होता. रंजिताने या वेळी मान हलवली नाही. डोक्यावर घागर होती.

वाटेत सासू मागे पडत होती, सून थांबत होती. उन्हं वर आली तेव्हा दोघींची सावली एकाच बाजूला पडली, एक उभी, एक मोडलेली.

घरी समीक्षा उठून बसली होती. तिच्यापुढे कालची भाकर होती. तिने ती पाण्यात कालवून पार लापशी केली होती आणि तोंडाच्या एका बाजूने, न चावता, गिळत होती. वाटीतला आवळा तसाच होता. भुईमुगाचे दाणेही तसेच. रंजिताच्या लक्षात आलं, की चार दिवसांपासून पोरीने कडक असं काही तोंडात घेतलं नाही.

"काय झालं व? दुखते का?"

समीक्षाने तोंड न उघडता नाही अशी मान हलवली. रंजिताने हनुवटी धरली तेव्हा पोरीने पटकन हात ओठांवर नेला, पंजा आडवा, बोटं मिटलेली. रंजिता थबकली. तो हात तिने ओळखला. असा हात धरायला तिने कोणालाच शिकवलं नव्हतं. लेकीने असा धरू नये, यासाठीच ती सहा वर्षं चालली होती.

तिने तो हळूच बाजूला केला. वरच्या दोन नव्या दातांच्या शेजारी दुधाचा एक दात होता, छोटा, स्वच्छ, लोंबकळत. त्याला जिभेचा धक्काही पुरला असता. समीक्षाने लगेच तोंडात बोट घालून तो आतून दाबून धरला.

"पडायचाच हाय तो," रंजिता म्हणाली. "पडू दे. दादी फेकन टिनावर."

"नाही."

"काहून?"

पोरगी आजीकडे पाहू लागली. हंसाबाई उंबऱ्यावर टेकली होती, ओलं लुगडं पायांना चिकटलेलं. समीक्षा तिच्याजवळ गेली, तिच्या वाकलेल्या तोंडाखाली जाऊन बसली, म्हणजे दोघींना एकमेकींचं तोंड दिसलं.

"दादी," ती बोट न काढता, बोबडं-बोबडं बोलली, "या वेळी ते गाणं म्हणू नको. दिसदेवाले सांग, नवा नाही पाह्यजे. हाच राहू दे म्हणा."

हंसाबाईचे ओठ हलले. ओवीची सुरुवात आली असावी, पण आवाज निघाला नाही. रंजिताने घागर माठात रिकामी केली. थेंब न सांडता, काठ धरून, नेहमीसारखी. मग एक पेला भरून पोरीपुढे धरला.

समीक्षाने दुसऱ्या हाताने पेला घेतला. पहिला हात तिने तोंडातून काढला नाही.